शिवेवरची थप्पड

लोस आलामिलोस,
२ एप्रिल १८१५

पोलोनियाताई,

देव तुला सांभाळो. इथे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे जे मेले नाहीत ते. पत्र खेचरवाल्या बेनितोच्या हाती देतो आहे. सोबत पिन्योनच्या दाण्यांची पिशवी आहे. ती हलकी लागली तर समज, वाटेत बेनितोला भूक लागली होती.

तुझं मागचं पत्र येऊन दीड वर्ष झालं. उत्तर दिलं नाही, कारण कागद नव्हता. इथे कागद म्हणशील तर तो पाद्रीबाबांच्या बाप्तिस्म्याच्या वहीत, आणि त्यातलं पान फाडलं तर एखाद्याचं नाव देवाच्या यादीतून उडायचं. हा कागद आल्काल्देसाहेबांनी दिला. न्यायाधीश फुकट कागद देतो तेव्हा त्याच्यामागे काम असतं, ते आता सांगतो.

आपल्या गावाच्या सनदेत लिहिलं आहे: उत्तरेला तांबड्या खडकापर्यंत. लिहिणारा शहाणा सांता फेचा. त्याने एवढं पाहिलं नाही की तांबडे खडक दोन आहेत. एक अलीकडचा, पाटाच्या मुखाशी. दुसरा पलीकडचा, अर्ध्या कोसावर. मधे कुरण आणि झरा. शिवेच्या दगडांची रास मला कळतं तेव्हापासून पलीकडच्या खडकाशी आहे. आता वरच्या सान ब्लास गावचे हेनिसारो म्हणतात, रास खोटी, शीव अलीकडच्याच खडकाला, कुरण आमचं.

ताई, हेनिसारो काय आपल्याला परके आहेत? कोमांचे टोळ्यांनी लहानपणी पळवलेली माणसं. आपल्याच वाडवडिलांनी ताओसच्या बाजारात घोडे देऊन ती सोडवली, आपल्या घरात वाढवली, आपलंच आडनाव दिलं. मला तर त्यांच्यातल्याच किटेरियामायने पाजलं. आणि तिचाच नातू ओनोफ्रे त्यांचा म्होरक्या. तोंडाने मला काका म्हणतो आणि हाताने माझ्याविरुद्ध अर्ज देतो.

आल्काल्देसाहेबांनी चर्चच्या अंगणात विचारलं, "सनद मिळाली तो दिवस आठवणारं कुणी जिवंत आहे का?"

मग ओनोफ्रेच उठला. "आहे. पोलोनिया उरिओस्ते. एल पासोला असते. ती म्हणेल ते सान ब्लासला मान्य."

मी म्हटलं, "बघ हं, ती माझी सख्खी बहीण आहे."

"ठाऊक आहे, काका," म्हणाला.

लेकाने स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. मीही लगेच उठून म्हणालो, आलामिलोसलाही मान्य. दोघांनी बोटांचा क्रूस करून शपथ घेतली. आता साहेब तुझ्या शब्दावर निकाल देणार.

तू सात वर्षांची होतीस. गावात चालतं-बोलतं पोर तू एकटीच, म्हणून शीव लक्षात राहावी यासाठी चारी शिवांवर मारायच्या थपडा तुलाच बसल्या. मारणारा आपलाच बाप; ताता म्हणायचा, कागद उंदीर खातात, गाल कोण खातो? आणि तांबड्या खडकाशी अशी सणसणीत बसली की तुझा दुधाचा दात पडला. ही गोष्ट तर इथलं शेंबडं पोरही सांगेल. तुला फक्त तिथल्या आल्काल्देंपुढे एवढंच म्हणायचं आहे, की तो खडक पलीकडचा.

यात माझा जीव का अडकला, तेही सांगतो. माझं घर त्या दोन खडकांच्या मधेच आहे. तातानेच जागा दाखवली होती. शीव अलीकडे आली, की घर, जर्दाळूची अकरा झाडं आणि ती दक्षिणेची खोली सगळं गेलं. ती खोली मी चौदा वर्षं रिकामी ठेवली आहे. भावजी गेले तेव्हा तुला लिहिलं होतं, ये म्हणून. अजून तेच लिहितो.

तुझा भाऊ
मेल्चोर

———

एल पासो देल नोर्ते,
२४ जून १८१५

मेल्चो,

पिशवी मिळाली. बेनितोला भूक बरीच लागली होती असं दिसतं.

आज सान हुआनचा दिवस. उजाडताना उठले आणि सवयीने वाटलं, पाटावर जायचं. आम्ही सगळ्या बायका केस मोकळे सोडून पाटात उतरायचो, पाणी बर्फाचं, दात वाजायचे. आई म्हणायची, आज सगळं पाणी पवित्र यार्देन नदीचं झालेलं असतं, ओरडू नका, देवाच्या कानात जाईल. इथेही बायका कालव्यावर जातात. पण इथलं पाणी कोमट असतं. कोमट पाण्याने कुठली पापं धुतली जातात?

पंचावन्न वर्षं झाली मला इथे. द्राक्षांच्या वेलांना मी जेवढी ओळखते तेवढी माणसांना ओळखत नाही. वेल छाटताना कळतं, कुठला डोळा फुटणार. तरी कुणी "गाव कुठलं?" म्हटलं की तोंडातून आलामिलोसच निघतं. माझी सून हसते. म्हणते, "आत्या, पंधरा वर्षं तिथे आणि पंचावन्न इथे, हिशेब उलटा करता तुम्ही."

तुझं कामाचं पत्र तीनदा वाचलं. मेल्चो, मी सत्तर वर्षांची आहे. काल चष्मा शोधत होते आणि तो नाकावर होता. माझ्या शब्दावर गाव कशाला टांगता? कुरण मोठं आहे. झऱ्याचं पाणी आठवड्यातले चार दिवस तुम्ही घ्या, तीन दिवस त्यांनी घ्यावं. मेंढ्यांना सनद वाचता येत नाही. तू आणि ओनोफ्रे एका चुलीशी बसा, वाटीभर मक्याची पेज, आतोले, घ्या आणि मिटवा. आल्काल्देला सांग, म्हातारीला आठवत नाही.

किटेरियामाय शेवटी कशी गेली, हे तू मला नीट कधी लिहिलं नाहीस. शुद्धीत होती का? काही बोलली का?

जर्दाळूची झाडं कुठल्या वाणाची आहेत? आईने लावलेल्या झाडाच्या कोयींची का?

तुझी
पोलोनिया

———

लोस आलामिलोस,
३० ऑगस्ट १८१५

ताई,

हो, आईच्याच झाडाच्या कोयींची. त्यातलं एक तर सरळ तिच्यासारखंच आहे, वाकत नाही आणि फळ उशिरा देतं.

तुझं पत्र वाचून बायकोने मला विचारलं, "काय म्हणतात?" मी म्हटलं, "म्हणते, आठवत नाही." ती म्हणाली, "ज्या बाईला साठ वर्षांपूर्वीच्या पाण्याचा गारठा आठवतो, तिला थप्पड आठवत नाही होय?"

वाटणीचं म्हणशील तर मी स्वतः गेलो होतो ओनोफ्रेकडे. गिरणीवर भेटला, पिठाने पांढरा झालेला. म्हटलं, "चार दिवस आम्ही, तीन दिवस तुम्ही, मिटवून टाकू."

तो म्हणाला, "काका, पाणी वाटता येतं. खरं कसं वाटायचं? चार दिवस तुमचं खरं, तीन दिवस आमचं?"

"जीभ फार चालते तुझी. आजीवर गेलास."

"आजीवर गेलो असतो तर गप्प बसलो असतो," म्हणाला आणि पोतं उचलून निघाला. हा काय बोलला ते मला कळलं नाही. तुला कळलं तर लिही.

किटेरियामाय शुद्धीत गेली. मी जवळ होतो. काही खास बोलली नाही. मला म्हणाली, "तुझे पाय गार आहेत, चुलीशी बस." मरताना माझ्या पायांची काळजी. मी पन्नाशीचा होतो तेव्हा.

ताई, आता मनातलं बोलतो. मला वाटतं तुझ्या पोटात जुना राग आहे. पंधराव्या वर्षी तुला खेचरावर बसवून चाळीस दिवसांच्या वाटेवर धाडलं. जो नवरा तू पाहिला नव्हतास त्याच्याकडे. मी तेव्हा दहा वर्षांचा. तू वळून पाहिलं नाहीस म्हणून मी रडलो होतो. तू रागावली असशील तर तातावर रागाव, तो मातीखाली आहे, त्याला काही लागणार नाही. त्या रागापायी माझं छप्पर नको काढूस.

खोलीचं सांगतो. आठ तुळया आहेत. डोंगरातून मी आणि माझा थोरला ओढून आणल्या, सगळ्या सरळ. खिडकीला अभ्रकाचं तावदान लावलं आहे. हिवाळ्यात दुपारी ऊन थेट खाटेवर येतं. तिथे झोपून तुला नदीचा आवाज ऐकू येईल. तुझी आठवण दगा देत असेल तर मी मदत करतो: खडक पलीकडचा. वर चढताना डावीकडे वीज पडलेलं देवदाराचं झाड. त्या खडकाखाली माती लाल, कुंकवासारखी. आता आठवलं ना?

नाताळपर्यंत तुझी जबानी यावी असं साहेबांनी सांगितलं आहे.

मेल्चोर

———

एल पासो देल नोर्ते,
३ नोव्हेंबर १८१५

मेल्चो, माझ्या भावा,

बेनितोला बजावलं आहे, की हे पत्र आधी तुझ्या हातात द्यायचं आणि लाखेची मोहर लावलेला लखोटा नंतर आल्काल्देंना. तू हे बसून वाच. वहिनी जवळ असेल तर तिलाही बसव.

परवा मी इथल्या आल्काल्देंपुढे क्रुसावर बोटं ठेवून सांगितलं: खडक अलीकडचा.

तू लिहिलंस ती माती मला आठवते. कुंकवासारखी. आठवते म्हणूनच हे लिहिते आहे.

सनद मिळाली त्या दिवशी ताताने मला चार थपडा मारल्या. पूर्वेला डोंगराच्या धारेवर. दक्षिणेला कोरड्या ओढ्याशी. पश्चिमेला नदीकाठच्या मोठ्या आलामो वृक्षाखाली. आणि उत्तरेला पाटाच्या मुखाशी, जिथे दात पडला. दात पाण्यात पडला आणि पाटाने वाहून गेला. पलीकडच्या खडकाशी पाट कुठे आहे, मेल्चो? सगळं गाव दाताची गोष्ट सांगतं. दात गेला कुठे, हे मात्र कुणी विचारलं नाही.

त्यानंतर चौथ्या वर्षी कोमांचे सान ब्लासवर आले. हेनिसारोंना शिवेवर वसवलंच होतं त्यासाठी, की पहिला बाण त्यांना लागावा. किटेरियाचं लग्न होऊन ती तिकडे राहायला गेली होती. तिचा नवरा त्या दिवशी गेला. उरलेली माणसं खाली उतरली आणि दोन हिवाळे आपल्या गावात, आपल्या घरांत राहिली. किटेरिया आपल्याच स्वयंपाकघरात निजायची, पोर पोटाशी घेऊन. तू सहा वर्षांचा होतास. तुला एवढंच आठवत असेल की माय परत आली.

तो हिवाळा वाईट होता. आईने दोन पोरं पुरली. मेंढ्या निम्म्या मेल्या. आणि वर ते कुरण, बर्फ वितळल्यावर हिरवंगार, त्यात एकही जनावर नाही, एकही माणूस नाही. ताता वाईट माणूस नव्हता रे. पण उपाशी माणसाला मोकळं कुरण दिसलं की शीव आपोआप सरकते.

एके दिवशी भर दुपारी त्याने मला हाक मारली. मी अकरा वर्षांची. बैलाच्या कातड्यावर शिवेचे दगड घालून तो ओढत होता आणि मी वरचा लाकडी क्रूस खांद्यावर घेतला होता. सहा खेपा झाल्या. पलीकडच्या खडकाशी रास पुन्हा रचली, क्रूस रोवला. मी गाल पुढे केला. मला वाटलं, आता बसणार. त्याने खिशातून गुळाचा खडा काढला, चिहुआहुआहून यायचा तसला, आणि माझ्या हातावर ठेवला. म्हणाला, "इथे मी तुला मारलं नाही, पोलोनिया. म्हणजे ही जागा लक्षात ठेवायची नाही."

मेल्चो, त्या चार थपडांचं दुखणं मला आता मुळीच आठवत नाही. तो गूळ अजून जिभेवर आहे.

घरी आले तेव्हा किटेरिया चुलीशी होती. माझे पाय घोट्यापर्यंत लाल. तशी माती एकाच ठिकाणी आहे हे तिला ठाऊक नसेल तर कुणाला? तिने पाणी गरम केलं, माझे पाय धुतले, पाणी बाहेर फेकलं. एक शब्द बोलली नाही. बोलून जाणार कुठे होती? छप्पर आपलं, भाकरी आपली, पोर तिच्या पोटाशी.

चार वर्षांनी मी इकडे यायला निघाले त्या सकाळी तिने माझी वेणी घातली. घालता घालता म्हणाली, "पोरी, तुला थपडा किती बसल्या होत्या?"

मी म्हटलं, "चार."

"मग चारच लक्षात ठेव." एवढंच.

मी वळून पाहिलं नाही ते याच्यामुळे. तुझ्यामुळे नाही. एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही. मला आयुष्यभर वाटत आलं, की ताताने मला चाळीस दिवसांच्या वाटेवर धाडलं ते मला ठाऊक होतं म्हणून. खरं की खोटं, त्यालाच माहीत. मी राग धरला नाही म्हणाले तर ते खोटं होईल, आणि खोटं बोलायचं नाही म्हणूनच तर हे सगळं चाललं आहे.

जूनमध्ये मी तुला लिहिलं, आठवत नाही. ते लिहिताना मला लाज वाटली. तुझं छप्पर डोळ्यांपुढे होतं. पण ओनोफ्रेने माझं नाव घेतलं, माझं तोंड कधी न पाहता. त्याच्या आजीने त्याला काय सांगितलं असेल? एवढंच सांगितलं असेल, की तिकडे दूर एक बाई आहे, तिला चार माहीत आहेत. जन्मभर एक माणूस माझ्या भरवशावर गप्प राहिलं.

तुझी खोली मी पाहिली नाही. तरी तिच्यात किती वेळा झोपले आहे, तुला सांगून कळायचं नाही.

मला शिव्या दे. पण लिही.

पोलोनिया

———

एल पासो देल नोर्ते,
१७ मार्च १८१६

मेल्चो,

काफिला येऊन गेला. तुझं पत्र नाही. बेनितो म्हणतो, तुला पत्र मिळालं, तू वाचलंस आणि मेंढ्यांकडे गेलास. त्याला आणखी विचारलं तर तो टोपी फिरवत राहिला.

वेलांची छाटणी झाली. इथे सगळे बरे आहेत.

कुणाच्या हातून नुसतं एवढं कळव, की जिवंत आहेस.

पोलोनिया

———

लोस आलामिलोस,
१० नोव्हेंबर १८१६

ताई,

जिवंत आहे.

तुला एक पत्र मागच्या हिवाळ्यात लिहिलं होतं. त्यात जे होतं ते बहिणीला लिहायचं नसतं. बायकोने ते चुलीत घातलं आणि म्हणाली, "भाकरी तरी भाजेल." त्यानंतर कागद होता, पण हात उठत नव्हता.

जबानी चर्चच्या अंगणात वाचली गेली. साहेबांच्या कारकुनाने वाचली, नाकातून, एकेक शब्द. थपडा, पाट, दात, कातडं, क्रूस. गूळ आला तेव्हा म्हातारा तिबुर्सिओ थुंकला आणि उठून गेला. आपल्या गावातली निम्मी माणसं तुझं नाव घेत नाहीत. निम्मी माझं घेत नाहीत, कारण मी तातासाठी भांडलो नाही. कसा भांडणार? कारकून वाचत होता आणि मला ताता दिसत होता. शेवटच्या वर्षी तो रोज काठी टेकत अलीकडच्या खडकाशी जाऊन बसायचा, पाटाच्या मुखाशी, पाण्यात बघत. आम्ही म्हणायचो, म्हातारा भ्रमिष्ट झाला. मीच त्याला हाताला धरून घरी आणायचो. एकदा मी विचारलं, "ताता, काय हरवलंय?" तर म्हणाला, "पोरीचं काहीतरी." मी हसलो होतो, ताई.

तुला त्याने धाडलं ते का, हे मला ठाऊक नाही. खूप डोकं खाजवलं. तुला बरं वाटावं म्हणून काहीतरी लिहिणार होतो, मग म्हटलं, नको.

निकाल झाल्यावर ओनोफ्रे आला. मला वाटलं, आता मिशीला पीळ देईल. तो दारातच उभा राहिला, टोपी हातात. म्हणाला, "काका, घर तुमचंच. तुम्ही आहात तोवर कुणी काही म्हणणार नाही. आम्ही ठरवलं आहे."

मी म्हटलं, "सहासष्टाव्या वर्षी मला उसन्या जमिनीवर निजवतोस? झोप लागेल मला?"

"मग काय करता?"

"तुळया उतरवतो."

तो छताकडे बघत राहिला. "किती आहेत?"

"दोन खोल्यांच्या मिळून एकोणीस."

"मग बारा माणसं लागतील," म्हणाला. "उद्या आणतो. जेवायला काय घालाल?"

"तुमच्या कुरणातलं मटण," मी म्हटलं. तेव्हा कुठे तो हसला. मला हसू आलं नाही, पण बरं वाटलं.

सान ब्लासचे बारा जण आले, आपल्या गावचे तीन. तुळया, दारं, खिडक्या, अभ्रकाचं तावदान, सगळं बैलांनी ओढून अलीकडच्या खडकाच्या अलीकडे आणलं. भिंती तिकडेच राहिल्या. त्या पावसाने हळूहळू जमिनीत जातील. जर्दाळूची झाडं उचलता येत नाहीत. पहिलं वर्ष आहे म्हणून ओनोफ्रेने दोन टोपल्या पाठवल्या. आम्ही सगळी खाल्ली. आणि दगडांची रास मीच परत आणली. आमचा थोरला म्हणाला, "तुम्ही कशाला, बाबा? मी आणतो." मी म्हटलं, जिथून आपल्या माणसाने नेली तिथे आपल्याच माणसाने ठेवायची. सात खेपा लागल्या. ताता माझ्यापेक्षा ताकदीचा होता.

नवं घर लहान आहे. दोन खोल्या. विटा उन्हाळ्यात पाडल्या, भिंती उभ्या झाल्या, छप्पर चढलं, आणि लगेच थंडी आली. आतून-बाहेरून लिंपण राहिलं आहे, विटा उघड्या दिसतात. दक्षिणेची खोली पुन्हा तुझीच केली. खरं सांगू, मला करायची नव्हती. जुलैमध्ये भिंतीची आखणी करताना दोरी एका खोलीचीच टाकली होती. बायको म्हणाली, "आणि ताई?" तिने खुंटी उपटली आणि दुसरीकडे ठोकली.

आता विचारायचं एवढंच आहे: खिडकी कुठल्या भिंतीत फोडू? दक्षिणेला केली तर ऊन येईल पण नदी ऐकू येणार नाही. पश्चिमेला केली तर नदी ऐकू येईल आणि वाराही येईल. तुझ्या मनात काय आहे ते कळव. वसंतात लिंपण लावून टाकतो, मग फोडता यायची नाही.

गावातल्या निम्म्या लोकांचं लिहिलं, ते लक्षात ठेव. तिबुर्सिओ तुझ्याशी बोलणार नाही. तो आता फारसं कुणाशीच बोलत नाही, पण तुझ्याशी मुद्दाम बोलणार नाही.

तुझा भाऊ
मेल्चोर

———

एल पासो देल नोर्ते,
२८ जानेवारी १८१७

मेल्चो,

पत्र काल मिळालं. काल वाचलं, आज उत्तर लिहिते, उद्या बेनितो पुढे निघतो. मी त्याच्या मागून काफिल्याबरोबर निघते आहे. वेल मुलाच्या हवाली केले. सून म्हणाली, "आत्या, या वयात चाळीस दिवस?" मी म्हटलं, जाताना चाळीस लागले होते, परत यायला कमी कसे लागतील? तिने वाटेसाठी सुकी द्राक्षं बांधली आहेत आणि रुसली आहे. तिचा रुसवा मला आवडतो, त्यात जीव आहे.

तिबुर्सिओ बोलला नाही तरी चालेल. आपल्या लहानपणीही तो कधी कामाचं बोलला नाही.

वाटेत मेले तर तिथेच पुरतील, त्याची काळजी करू नकोस. पण मी मरायचा बेत केलेला नाही.

खिडकी पश्चिमेला. वाऱ्याला मी सांभाळून घेईन.

आणि एक. लिंपण तू करायचं नाही. पुरुषांनी लिंपलेली भिंत दिसते मेंढीच्या पाठीसारखी, आणि तुझे हात तर पहिल्यापासून पावट्याच्या शेंगांसारखे. ते काम बायकांचं आहे आणि मला ते येतं, आईकडून शिकले आहे. ओनोफ्रेच्या घरच्या बायकांना सांगून ठेव, येत असतील तर त्यांनाही घेऊ, हात जास्त झाले तर गप्पा जास्त होतील. माझ्यासाठी मेंढीच्या कातड्याचा एक मऊ तुकडा ठेव, शेवटचा हात फिरवायला.

ओढ्याकाठची पिवळी माती आण, चाळून ठेव. गव्हाचा पेंढा बारीक काप, बोटाच्या पेरापेक्षा लांब नको. सगळं छपराखाली कोरडं राहू दे.

पाणी मी आल्यावरच घालायचं.

पोलोनिया